मागच्या खोलीतले जावई

१

“पोरगं मागितलं तर न्हाई म्हणायचं. सून न्हे म्हणायचं. सून काय, दुसरी भेटंल.”

हे मी ऐकावं म्हणून कुणी बोललं नव्हतं. मी माळवदावर कुरडया वाळत घालत होते. आमच्या माळवदाला चुलीच्या बरोबर वर धूर जायला एक भोक आहे, आणि धुराबरोबर बाकीचंही वर येतं. खाली माझ्या सासूबाई केशरबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि त्यांचे थोरले भाऊ सटवाजीमामा चहा पीत बसले होते.

“अन् तिला संशय आला म्हंजी?” मामांनी विचारलं.

“तिला कसला येतोय. मुक्यावानी तर राहती. हाक मारली की येती, सांगितलं की करती.”

मामांनी बशीतला चहा जोरात ओढला. म्हणजे त्यांना पटलं.

मला या घरात येऊन अडीच महिने झाले होते. एवढ्यात सून बदलून मिळते, हे मला माहीत नव्हतं. हातातली कुरडई मोडली, तिचे दोन्ही तुकडे मी नीट फडक्यावर ठेवले आणि उरलेल्याही वाळत घातल्या. वरून उतरले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, “लय ऊन लागलं असंल माय, पाणी पी.” मी प्यायले. पाणी गार होतं.

२

घर जिंतूरपासून तासाभराच्या वाटेवर, गावाच्या शेवटी. पुढं गाव, मागं उघडा माळ आणि माळाच्या टोकाला डोंगर. घर मामांचं. आत्याबाई या घराच्याच लेक. वयाच्या विसाव्या वर्षी त्या डोंगराकडं शेळ्या घेऊन गेल्या आणि दोन वर्षांनी परत आल्या, कडेवर पोर घेऊन; त्याला आता सव्वीस वर्षं झाली. मधल्या दोन वर्षांबद्दल गावात “हरवली होती” एवढंच म्हणतात आणि विषय पावसापाण्यावर नेतात.

ते पोर म्हणजे माझा नवरा, योगीराज.

मी जिंतूरच्या मोंढ्याजवळ एका वजनकाट्यावर कामाला होते. गाडी भरून येते, रिकामी जाते, मधला फरक छापून द्यायचा. एका दुपारी काट्यावर गाडी नसताना पडद्यावर एकशेनव्वद किलो दिसायला लागले. काटा बिघडला म्हणून मी खिडकीतून डोकावले, तर काट्याच्या मधोमध एक माणूस उभा राहून चपलेचा तुटलेला अंगठा जोडत होता.

“पावती फाडू नका, ताई,” तो म्हणाला, “मी रिकामाच हाय.”

दहा महिन्यांनी त्याच ताईशी त्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं.

तो मोंढ्यात हमाली करतो. सोयाबीनचं एकेक पोतं दोन्ही काखांत धरून चालतो, आणि डोक्यावर तिसरं. अंगाचा रंग शेवाळ वाळलेल्या दगडासारखा. खालचे दोन सुळे वरच्या ओठावर येतात. गावात त्याला ‘अर्धा’ म्हणतात. पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहतात. न्हावी म्हणतो, माझी खुर्ची मोडंल. तो मात्र मुंग्यांची रांग दिसली तर पोतं घेऊन वळसा घालतो.

माझे वडील वालूरला शिक्षक. त्यांनी माझं नाव घेणं सोडलं. माझा भाऊ दत्ता शेवटचं बोलला ते असं: “कमीत कमी माणूस तरी बघायचा होतास.”

मी माणूसच बघितला होता. दत्ताला ते कळायला बराच वेळ लागेल.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मला खर्र खर्र असा आवाज आला. योगीराज मागच्या ओट्यावर बसून, डोंगराकडं तोंड करून, कानशीनं सुळे घासत होता. दर रविवारी घासतो म्हणाला. लहानपणापासून, आईनं सांगितलंय म्हणून. हिरडीतून रक्त येत होतं. मी त्याच्या हातातून कानस काढून घेतली.

“राहू दे ते. मला बघायचेत.”

मग त्यानं तोंड मिटलं, म्हणजे जेवढं मिटतं तेवढं, आणि हसला. त्या रविवारनंतर तो आवाज बंद झाला.

३

मे महिन्यात अधिक महिना लागला. घरोघरी लेक-जावयाला बोलावणी गेली. तिसऱ्या वर्षी येणारा हा महिना जावयाचा. त्याला न्हाऊ घालायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे तुपाबरोबर वाढायचे, कापडं करायची. आम्हाला कुणी बोलावणार नव्हतं. वालूरचा फोन वाजणार नाही हे माहीत असूनही मी तो उशाशी ठेवत होते, एवढं कबूल करते.

आणि मग एका सकाळी आत्याबाईंनी दहा किलो हरभऱ्याची डाळ निवडायला काढली.

“एवढी डाळ कशाला, आत्याबाई?”

“धोंडे करायचेत.”

“कुणाचे?”

“घरचेच.”

मी डाळ निवडता निवडता विचार केला. आत्याबाईंना लेक नाही. मामांना मूलबाळ नाही, मामी जाऊन दहा वर्षं झालेली. जावई म्हणावा असा माणूसच या घरात नव्हता.

मी हिशेबी बाई आहे. भरलेलं वजा रिकामं, एवढंच मला येतं, पण ते पक्कं येतं. मी स्वतःला समजावलं, देवाचा नवस असेल. कुणी दूरचा नातेवाईक असेल, आजारी, लोकांपुढं न येणारा. अशी माणसं घराघरांत असतात.

दुपारी आत्याबाई मागची खोली सारवायला गेल्या. ती खोली एरवी बंद असते. तिला खिडकी नाही. दोन दारं आहेत. एक घरात उघडतं, एक माळावर. घरातल्या दाराला आमच्या बाजूनं तीन कड्या. माळाकडच्या दाराला एकही नाही. मी शेणाची पाटी द्यायला उंबऱ्यापर्यंत गेले आणि भिंतीशी टेकवलेला पाट बघितला. बाभळीच्या अखंड लाकडाचा, बाजेएवढा रुंद. मधोमध तो झिजून खोलगट झालेला होता. दगडी उखळ झिजतं तसा.

“तिथंच ठेव पाटी,” आत्याबाई म्हणाल्या. “आत येऊ नको. अजून.”

तो ‘अजून’ त्यांच्या तोंडून निसटला होता. त्यांनी लगेच शेणात हात घातला.

४

रात्री जेवताना मी काही विचारलं नाही. सकाळी योगीराज कामावर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले.

“मागच्या खोलीत कोण जेवतं?”

तो चालता चालता थांबला. त्याच्या सावलीत मी, चिंचेच्या झाडाखाली उभं राहावं तशी उभी.

“तुला कुणी सांगितलं?”

“डाळीनं.”

तो खाली बसला. बसला की त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर येतं. आमची सगळी महत्त्वाची बोलणी अशीच झालीत.

“माझा बाप येतो,” तो म्हणाला. “धोंड्याच्या महिन्यात, एक दिवस, भर दुपारी. मी कधी बघितला न्हाई त्याला. लहान होतो तवा मामा मला शेतातल्या कोठ्यात कोंडायचा, आता मोठा झाल्यावर कुठंतरी कामाला धाडतो. औंदा पिंगळीला खताची पोती उतरवायला धाडायलाय.”

“कधीच नाही बघितला?”

“ऐकलाय. एकदा कोठ्यातून निसटून भिंतीपतुर आलो होतो. भिंतीला कान लावला.” त्यानं जमिनीवरचा एक खडा उचलला आणि बोटांत पीठ केला. “घास ऐकला त्याचा. मग पळालो.”

“काय मागतो तो?”

“आई म्हणती, मला मागतो. म्हणून घाबरती ती. लेकरू हाय म्हणून न्हेत नव्हता, म्हणती. आता लगीन झालं, संसार झाला, आता न्हेईल.” त्यानं माझ्याकडं बघितलं. “मी न्हाई जात पंकजा. पर तू भिऊन माहेरी जाशील, म्हणून बोललो न्हाई.”

“माहेरी कोण घेतंय मला?” मी म्हणाले. “पळून जायचं एकदा झालंय माझं. दुसऱ्यांदा कंटाळा येतो.”

भोकातून वर आलेलं वाक्य मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं माळवद उचलून बाजूला ठेवलं असतं, आणि मग आम्ही तिघं-चौघं राहणार कुठं? शिवाय मला ते स्वतः बघायचं होतं. जो मागतो, तो नेमकं काय मागतो, हे या घरात कुणीच मला नीट सांगू शकत नव्हतं.

“पिंगळीला जा,” मी म्हणाले. “आणि लवकर ये.”

त्यानं माझ्या केसांत अडकलेली कडुलिंबाची काडी दोन बोटांनी काढली. ज्या बोटांनी खड्याचं पीठ केलं होतं, त्याच.

५

त्या दिवशी आम्ही दोघींनी सहासष्ट धोंडे केले. तेहतीस आणि तेहतीस. रीत तेहतिसांची आहे. दुसऱ्या तेहतिसांबद्दल आत्याबाई म्हणाल्या, “लागतात.”

अकरा वाजता मामांनी बोकड माळाकडच्या ओट्याला बांधलं. साडेअकराला नवा शेला आणि धोतरजोडी एका ताटात काढली. पावणेबाराला त्यांनी एक अशी गोष्ट केली की माझ्या सगळ्या नवस-बिवसाच्या समजुती गळून पडल्या. त्यांनी कूलर ओढत मागच्या खोलीच्या दाराशी आणला, त्याचं तोंड भिंतीकडं केलं आणि पाणी न घालताच सुरू केला. जुना कूलर. पात्यातली वाटी सैल झालेली. घर खडखडायला लागलं.

मग मामांनी सरकी काढलेल्या कापसाचे बोळे स्वतःच्या कानात घातले. आत्याबाईंनी घातले. मलाही दोन दिले. मी ते मुठीत धरले आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

पहिली परात आत ठेवून आत्याबाई पळतच बाहेर आल्या. तीन कड्या. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की अंगणातल्या कोंबड्याही भिंतीला चिकटून उभ्या होत्या. सावली पायाखाली आली.

माळाकडचं दार उघडलेलं मला ऐकू आलं नाही. पण आमच्या पायाखालची फरशी दबली. वरच्या तुळईतून माती गळली. तीन वर्षं काट्यावर बसून माझ्या अंगात एक खोड आलीय, हलणाऱ्या वस्तूचं वजन मी मनात धरते. एक पाऊल. दुसरं. मी आकडा धरला, तो पुसला, परत धरला. सहाशेच्या खाली येईना.

बैल असेल, मी म्हणाले. बैल आत आला असेल.

पाट करकरला. बैल पाटावर बसत नाही.

आत्याबाई दाराकडं पाठ करून बसल्या होत्या, डोळे मिटून, ओठ हलवत. मामा अंगणातल्या बाभळीकडं एकटक बघत होते. कूलर खडखडत होता आणि त्या खडखडाटाखाली, खूप खाली, काहीतरी हळूहळू, न सांडता, रीतसर जेवत होतं.

ठक. परात दाराला लागली. रिकामी. आत्याबाईंनी दुसरी ठेवली, तीच धावपळ, त्याच कड्या. वेळ गेला. ठक. मग शेल्याचं ताट आत सरकवलं.

एवढ्यावर ते संपत असावं, कारण मामांनी कानातला एक बोळा काढला होता.

ठक.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी बहिणीच्या खांद्याला हात लावला. “थांबलाय ह्या बारीला,” ते ओरडून बोलले, कारण तिच्या कानात अजून कापूस होता. “उठंना गेला!”

आत्याबाईंनी डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

६

त्यांनी मला कुंकू लावलं. ओटीत मूठभर तांदूळ घातले, खणासकट. सासरी निघालेल्या लेकीची भरतात तशी. त्यांनी ओटी व्यवस्थित भरली.

“पाण्याचा तांब्या न्हे आत,” त्या म्हणाल्या. “सून हाय तू. मान असतो.”

“बरं.”

“दार मी लावून घेते मागून. ऊन येतं.”

खोलीला घरातून ऊन यायची सोयच नव्हती. मी तांब्या उचलला. जाता जाता कूलरचं बटण बंद केलं. ते कुणाला कळायच्या आत मी आत होते, आणि मागं एक, दोन, तीन कड्या लागल्या.

आधी काहीच दिसलं नाही. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत ओल्या दगडाचा वास होता. माळाकडचं दार बोटभर उघडं होतं. तेवढ्या उजेडाच्या पट्टीत पाटाची कड दिसत होती आणि तिच्यावर उतरलेला, डोंगराच्या सोंडेसारखा एक खांदा. तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. बसलेल्या माणसाची मान तुळईला लागू नये म्हणून वाकलेली असावी, हे मी त्याआधी बघितलं नव्हतं.

घरातली बाईमाणसं येणार म्हणून त्यानं पाठ केली होती. हे माझ्या लक्षात आलं आणि माझी भीती थोडी भलत्याच बाजूला सरकली.

एक हात मागं आला, उताणा, पाण्यासाठी. योगीराजचाच हात होता तो, करंगळी तशीच आत वळलेली. पण त्या तळव्यात माझा तांब्या पणतीएवढा दिसला.

पाणी प्यायल्याचा आवाज झाला. मग खोली बोलली. मी असं लिहिते, कारण आवाज तोंडातून आला की भिंतीतून, ते मला सांगता येणार नाही. जात्याचा असतो तसा आवाज. पण शब्द साधे होते, घरातले.

“केसर न्हाई का?”

“मी सून,” मी म्हणाले. “योगीराजची.”

तुळईतून माती गळली. त्याचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना खोलीतला उजेड कमी व्हायचा, बाहेर येताना परत वाढायचा.

“कानशीचा आवाज यायचा डोंगरापतुर,” तो म्हणाला. “रविवारी रविवारी. बंद झाला.”

“मी बंद केला.”

“हां.”

त्या ‘हां’नंतर मला वाटलं, आता मागेल. ओटीतले तांदूळ मी घट्ट धरले. माझ्याकडं काय उत्तर होतं, हे आता आठवत नाही. होतं एवढं नक्की. मी न्यायला मिळणारी नव्हते, आणि माझा नवराही नव्हता.

“दर बारीला इचारतो,” तो म्हणाला, अगदी हळू, उंबऱ्यावर चप्पल काढून उभ्या असलेल्या माणसासारखा. “पर ह्या घरात गडबड लय असती. पंखा वाजतो. कुणी थांबत न्हाई. तू थांबलीस म्हणून तुला इचारतो, माय.”

“विचारा.”

त्यानं विचारलं. एक वाक्य. पाच शब्दही नसतील त्यात. मी ते ऐकलं, आणि सव्वीस वर्षांचे धोंडे, शेले, बोकडं, तीन कड्या, सगळं माझ्या डोक्यात काट्यावरच्या आकड्यासारखं फिरून एका जागी थांबलं.

तेवढ्यात तो वळायला लागला. मला बघायला असेल, किंवा उत्तर घ्यायला. उजेडाची पट्टी त्याच्या गालावरून सरकली. सुळा दिसला, योगीराजच्या चौपट, जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा. त्याला दोन वेढे देऊन एक बायकी पोत बांधलेली होती. काळे मणी, मधे दोन वाट्या. दोरा कितीदा तरी तुटून परत गाठी मारलेला.

त्याच्या वर डोळे असणार. मी तिथवर बघितलं नाही. मी मान खाली घातली, सासऱ्यापुढं घालतात तशी.

“बाहेर थांबा, मामंजी,” मी म्हणाले. “सांगते मी.”

७

मी माळाकडच्या दारानं बाहेर पडले. बोकड उन्हात उभं होतं, अंगावरचा केसही हलला नव्हता त्याचा. मागं पाट करकरला. मी वळून न बघता घराला वळसा घातला आणि पुढच्या दारानं आत आले.

दोघं मागच्या खोलीच्या दाराकडं तोंड करून बसले होते, मामांनीही बोळा परत कानात कोंबला होता. मी पाठीमागून आले हे त्यांना कळलं नाही. आत्याबाईंच्या गालावरून पाणी वाहत होतं. त्या रडत होत्या माझ्यासाठी, आणि सुटल्यासारख्याही दिसत होत्या. माणसाच्या तोंडावर दोन्ही एकदम मावतात.

“न्हेली,” मामा ओरडून म्हणत होते. “झालं, केशर. पोरगं वाचलं आपलं.”

मी पायानं कूलर बाजूला सारला. दोघं दचकून वळले. मामा भिंतीला चिकटले. आत्याबाईंनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं, पाय सरळ आहेत ना ते.

“तू... कशी आलीस?”

मी त्यांच्या दोन्ही कानांतला कापूस हळूच काढला. त्या लहान मुलीसारख्या बसून राहिल्या.

“काय मागितलं त्यानं?” त्या पुटपुटल्या. “पोरगं मागितलं ना? तू काय म्हणलीस? योगीला न्हाई ना देणार?”

घरात आता कसलाच आवाज नव्हता. त्यामुळं बाहेरचा ऐकू येत होता. भिंतीपलीकडं, भर उन्हात, कुणीतरी खूप मोठं, अवघडून, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभं होतं. मातीचा एक पोपडा सुटून आत्याबाईंच्या पदरावर पडला. त्यांनी तो झटकला नाही. त्यांचं तोंड हळूहळू भिंतीकडं वळत होतं, आणि तिथं भीतीखाली आणखी काहीतरी होतं, वीस वर्षांच्या पोरीचं.

मी पहिली कडी काढली. दुसरी काढली. तिसरी गंजली होती, तिला जोर लावावा लागला. दार आपोआप आत गेलं. मागची खोली, तिच्यापलीकडचं उघडं दार, आणि त्या दारात माळ दिसायला हवा होता, तिथं सावली.

अडीच महिन्यांत या घरात मी मोठ्यानं बोलले नव्हते. आता बोलले, बाहेरही जाईल अशा बेतानं.

“आत्याबाई, त्यांनी मला मागितलं नाही, योगीलाही नाही. जावई धोंडे खाऊन बायकोला घेऊन जातो, एवढी साधी रीत आहे. ते विचारतायत, ‘केसर निघंल का औंदा?’ — तेव्हा चपला घाला, ते तुम्हाला नांदायला न्यायला आलेत.”